छाती न उघडणारा हार्टचा डॉक्टर

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटबाहेर चहा घेताना परवा पुन्हा तेच कानावर आलं. एका माथाडी काकांना मनगटातून तार घालून दोन स्टेंट बसवले होते. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, आता काका चहाही बिनसाखरेचा पितात, तब्येत ठणठणीत. तरी शेजारचा गाळेवाला त्यांना समजावत होता, ‘‘एकदा खऱ्या हार्टच्या डॉक्टरला दाखवा. हा नुसता स्प्रिंग टाकणारा. खरा तो, जो छाती उघडतो.’’

हे वाक्य मी रिक्षात ऐकलंय, ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकलंय. दर वेळी चहा गार होईपर्यंत वाद घालतो. एकदाचं लिहूनच टाकतो.

हृदयाच्या डॉक्टरांची घराणीच दोन आहेत. पहिलं कार्डिऑलॉजिस्टचं: एमबीबीएसची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, मग एमडी मेडिसिनची तीन, मग डीएम कार्डिऑलॉजीची तीन. डीएमऐवजी तेवढ्याच मान्यतेचं डीआरएनबीही चालतं. दुसरं घराणं सर्जनचं: तेच एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरीची तीन वर्षं आणि हृदय व छातीच्या शस्त्रक्रियेतलं एमसीएच, तीन वर्षं. बेरीज करा. दोन्हीकडे साडेअकरा. म्हणजे एक दुसऱ्याची खालची इयत्ता नाही. एमबीबीएस झालं की वाटाच वेगळ्या होतात. कार्डिऑलॉजिस्ट कितीही ‘सीनिअर’ झाला तरी बढती मिळून बायपास करायला लागत नाही.

आपल्याच मार्केटात बघा ना. मापाडी आणि माथाडी एकाच गाळ्यावर उभे असतात. मापाडी पाठीवर गोणी घेत नाही, म्हणून त्याला कुणी अर्धा कामगार म्हणतं का? मग डॉक्टरांच्या बाबतीत हा हिशेब कुठे हरवतो?

परळच्या केईएम रुग्णालयाने दोन्ही घराण्यांची मोठी माणसं पाहिली. डॉ. रुस्तम जाल वकील हे फिजिशियन, म्हणजे सुरी न धरणारे. सर्पगंधा रक्तदाबावर कशी चालते, हे त्यांनी ५० रुग्णांवर काटेकोरपणे तपासून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडलं आणि सर्पगंधेकडे जगाचं लक्ष गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. तिथलेच डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे सर्जन. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला बर्नार्ड यांनी पहिलं हृदय-प्रत्यारोपण केलं, त्यानंतर जेमतेम अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी ते केईएममध्ये केलं. रुग्ण काही तासच जगला, पण भारतातला तो पहिला प्रयत्न. आता या दोघांत ‘खरा हार्टचा डॉक्टर’ कोण, हे गाळेवाल्याने सांगावं.

गंमत म्हणजे तार घालण्याची सुरुवातही एका शिकाऊ सर्जननेच केली. १९२९ मध्ये जर्मनीत वेर्नर फोर्समन या तरुणाने स्वतःच्या दंडाच्या शिरेतून नळी थेट हृदयापर्यंत सरकवली आणि तशाच अवस्थेत एक्स-रे काढायला गेला. वरिष्ठ खवळले. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं तेव्हा तो मूत्ररोगाचा डॉक्टर झाला होता! पुढे १९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी जाग्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून अडथळा दूर केला. हीच अँजिओप्लास्टी. छाती उघडण्याची गरज तिथे नव्हती, म्हणून उघडली नाही. यात कमीपणा कसला?

मग बायपास कुणाला? तेही मोठ्या आवाजावर ठरत नाही. झटका चालू असताना बंद झालेली धमनी तातडीने उघडायची असते. तिथे बहुतेक वेळा तारवालाच हवा, कारण मिनिटं मोजायची असतात. उलट मधुमेह आहे आणि एकाहून जास्त धमन्या अरुंद झाल्यात, अशा १,९०० रुग्णांचा ‘फ्रीडम’ नावाचा अभ्यास २०१२ मध्ये आला. त्यात स्टेंटपेक्षा बायपास सरस ठरला. चांगल्या ठिकाणी अशा रुग्णाची अँजिओग्राफी कार्डिऑलॉजिस्ट आणि सर्जन शेजारी बसून बघतात. आणि सर्जनकडे जाणारा रुग्ण बहुतेकदा कार्डिऑलॉजिस्टनेच पाठवलेला असतो.

मला राग का येतो, तेही सांगतो. ‘हा खरा डॉक्टर नाही’ असं मनात बसलं की त्याच्या गोळ्याही खऱ्या वाटत नाहीत. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. काकांनी चार दिवस गोळी घेतली नव्हती. चहाच्या टपरीवरच्या सल्ल्याची किंमत ही अशी.

हाच गैरसमज मुलांच्या करिअरलाही आडवा येतो. ‘‘आमच्या मुलीला कापाकापी बघवत नाही, ती काय हार्टची डॉक्टर होणार?’’ अहो, होऊ शकते. रक्ताची थोडी सवय एमबीबीएसमध्ये करावीच लागते, पण डीएममध्ये रात्र-रात्र आयसीयू, इको, अंगावर शिशाचा जड एप्रन घालून कॅथलॅब, पेसमेकर आणि हृदयाच्या विजेचा अभ्यास असतो. छाती उघडणं त्यात नाही.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

‘नीट निघाली की झालं.’ नाही. ती पहिली पायरी. पुढे पीजीची नीट, मग सुपर-स्पेशालिटीची नीट. सरकारी कॉलेज असेल तर वर बाँडची सेवा. अठराव्या वर्षी सुरुवात करून एकदाही न अडखळता गेलं तरी डीएम हातात पडेपर्यंत तिशी येते. लग्नाच्या बाजारात घाई करणाऱ्यांनी हे वाचावं.

‘एमडी म्हणजे हार्टचा डॉक्टर.’ एमडी मेडिसिनवाला रक्तदाब, शुगर आणि झटक्याचे पहिले उपचार उत्तम सांभाळतो, पण पाटीवर ‘हृदयरोगतज्ज्ञ’ दिसलं तर मागची अक्षरं वाचा. आणि ‘एमएस कार्डिऑलॉजी’ नावाची पदवी नसतेच.

‘मराठी माध्यमाच्या पोराचं काम नाही.’ एमबीबीएसची नीट मराठीतही देता येते. पुढचं शिक्षण इंग्रजीत, हे खरं; शब्द पहिल्या वर्षी जड जातात, मग जात नाहीत.

‘डीएम फक्त पैसेवाल्यांचं.’ केईएम, नायर, जे. जे. आणि खाडीपूल ओलांडला की लागणारं सायन, सगळीकडे हे शिक्षण सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात मिळतं. जागा थोड्या, स्पर्धा जबर.

‘हार्टच्या डॉक्टरला स्वतःला झटका येत नाही.’ हजारो शस्त्रक्रिया करणारे डॉ. नितू मांडके २००३ मध्ये हृदयविकारानेच गेले.

एवढं सगळं गाळेवाल्याला सांगून झालं. काकांच्या पिशवीतली फाइल काढून डॉक्टरांच्या नावापुढचं ‘डीएम’ मी बोटाने दाखवलं. त्याने चष्मा चढवला, नीट वाचलं, मान डोलावली आणि म्हणाला, ‘‘बरोबर. पण एमबीबीएस केलंय ना यांनी?’’