एक स्टेशन, डझनभर सिनेमे: लंडनच्या जमिनीखालची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजची गोष्ट माझ्या एका फजितीपासून सुरू होते.

लंडनला शिकायला गेले तेव्हा माझ्याकडे एक यादी होती. सिनेमात पाहिलेल्या जागा प्रत्यक्ष बघायच्या. पहिलं नाव होतं टेंपल स्टेशन. २०१२ च्या ‘स्कायफॉल’मध्ये जेम्स बाँड त्या प्लॅटफॉर्मवरून धावतो आणि सुटलेल्या ट्यूबच्या मागच्या टोकाला लटकतो, आठवतंय? मी तिकीट काढून खाली उतरले आणि बघतच राहिले. ऐसपैस प्लॅटफॉर्म, उंच छत, मोठी रुंद गाडी. सिनेमातला तो गोल, चिंचोळा बोगदा कुठेच नाही! अर्धा तास या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. शेवटी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, तर तो हसला. म्हणाला, ते शूटिंग इथलं नाहीच, चेअरिंग क्रॉसचं आहे.

आता यामागचं कारण समजून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. लंडनमध्ये भुयारी रेल्वे दोन प्रकारची आहे. जुन्या लाइन्स करताना रस्ता उकरला, रूळ टाकले आणि वरून झाकण घातलं. टेंपल त्यातलं. नंतरच्या लाइन्ससाठी खूप खोल गोल बोगदे खणले. खरी ‘ट्यूब’ ती. त्यातल्या गाड्या बुटक्या, छताला बाक असलेल्या. ‘स्कायफॉल’वाल्यांनी खोल ट्यूबच्या प्लॅटफॉर्मवर टेंपलची पाटी लावली. चेअरिंग क्रॉसला ज्युबिली लाइनचे दोन प्लॅटफॉर्म १९९९ पासून बंद पडलेत, म्हणून तिथे निवांत शूटिंग करता येतं.

निवांत हा शब्द महत्त्वाचा. चालू स्टेशनात शूटिंग म्हणजे डोकेदुखी. दिवसभर गर्दी, रात्री गाड्या थांबल्यावर मिळणार जेमतेम चार तास, तेवढ्यातच देखभालीची माणसंही कामाला आलेली. वर रुळांमधून ६३० व्होल्टची वीज. त्यामुळे दिग्दर्शकांपुढे तीनच रस्ते. रात्रीच्या त्या चार तासांत उरकायचं, स्टुडिओत सेट उभारायचा, किंवा बंद स्टेशन शोधायचं. ब्रिटिश सिनेमाने हे तिन्ही करून पाहिलेत.

सुरुवात मूकपटापासून. १९२८ साली अँथनी अ‍ॅस्क्विथ या तरुण दिग्दर्शकाने ‘अंडरग्राउंड’ नावाचा सिनेमा केला. हा माजी पंतप्रधानांचा मुलगा बरं का, पण गोष्ट निवडली साध्या माणसांची. दुकानात काम करणारी मुलगी, भुयारी रेल्वेतला एक कर्मचारी आणि वीजकेंद्रातला एक कामगार. प्रेम, मत्सर आणि शेवटी थरारक पाठलाग. त्यात खरी स्टेशनं आहेत, खरे सरकते जिने आहेत. शंभर वर्षांपूर्वीची माणसं गाडीत एकमेकांकडे चोरून कशी बघायची, ते आपल्याला दिसतं. मोबाइल नव्हते, एवढाच काय तो फरक!

दुसरा रस्ता सेटचा. १९३५ च्या ‘बुलडॉग जॅक’मध्ये ब्लूम्सबरी नावाचं एक बंद स्टेशन आहे. तिथून गुप्त वाट थेट ब्रिटिश म्युझियममध्ये निघते. स्टेशन काल्पनिक, पण कल्पना हवेतून आलेली नव्हती. ब्रिटिश म्युझियम नावाचं खरंखुरं स्टेशन दोनच वर्षं आधी, १९३३ मध्ये बंद झालं होतं. १९६७ च्या ‘क्वाटरमास अँड द पिट’मध्ये हॉब्स एंड या स्टेशनाचं खोदकाम चालू असताना सांगाडे सापडतात, मग एक विचित्र यान. आधी सगळ्यांना वाटतं, युद्धातला न फुटलेला बॉम्ब असेल. तेव्हाच्या प्रेक्षकाला हे पटलं, कारण लंडनमध्ये खणलं की बॉम्ब सापडतात हे त्याने अनुभवलेलं होतं. हॉब्स एंड अख्खं स्टुडिओत बांधलं होतं.

आणि तिसरा रस्ता? तो जातो ऑल्डविचला. आजच्या भागाचं खरं नायक हे स्टेशन आहे.

ऑल्डविच १९०७ साली उघडलं, तेव्हा नाव होतं स्ट्रँड. हॉबर्नपासून निघालेला एक छोटा फाटा आणि त्याच्या टोकाला हे एकटं स्टेशन. प्रवासी पहिल्यापासून कमीच. १९१४ मध्येच दोनपैकी एक प्लॅटफॉर्म बंद झाला. १९६२ पासून गाडी फक्त ऑफिसच्या वेळेत. पुढे लिफ्ट जुन्या झाल्या, त्या बदलायला सुमारे ३० लाख पौंड लागणार होते आणि रोजचे प्रवासी उरले होते साडेचारशेच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९४ ला स्टेशन बंद झालं.

प्रवाशांना नकोसं झालेलं हे स्टेशन कॅमेऱ्याला मात्र अगदी हवंहवंसं. रविवारी आधीपासूनच बंद, त्यामुळे चालू असतानाही शूटिंगला मोकळं मिळायचं. १९५२ चा ‘द जेंटल गनमॅन’, १९६९ चा ‘बॅटल ऑफ ब्रिटन’, १९७२ चा ‘डेथ लाइन’. या ‘डेथ लाइन’मध्ये गोष्ट रसेल स्क्वेअर स्टेशनची सांगतात, दाखवतात ऑल्डविच. बोगदा खणताना दरड कोसळली, कामगार आत अडकले, कंपनीने त्यांना तसंच सोडून दिलं आणि त्यांचा शेवटचा वंशज अजून खाली जगतोय! भयपट आहे, पण राक्षसाची भीती वाटण्याऐवजी कीव येते.

मी ऑल्डविचला गेले ते लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियमच्या टूरमधून. दीडशेच्या वर पायऱ्या गोल गोल उतरायच्या. खाली भिंतीवर जुन्या जाहिराती दिसल्या आणि मी भराभर फोटो काढत सुटले. गाइड म्हणाली, यातल्या काही शूटिंगवाल्यांनी लावलेल्या नकली आहेत. पुन्हा फजिती! पण त्याच भिंतीवरच्या टाइल्समध्ये ‘स्ट्रँड’ हे जुनं नाव अजून वाचता येतं. ते मात्र अस्सल.

आमच्या गटात सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांची आई लहानपणी युद्धात अशाच एका स्टेशनात झोपायची. तिने घरात कधी अवाक्षर काढलं नाही. ते मला म्हणाले, ‘मला जे माहीत आहे ते सगळं सिनेमातलं. आईचं आणि सिनेमाचं किती जुळतं, ते आता विचारायला ती नाही.’

मी गप्प झाले. कारण माझंही तेच होतं, आणि माझी तर आईही तिथली नव्हती.

म्हणून मग वाचलं. सप्टेंबर १९४० मध्ये बॉम्बहल्ले सुरू झाले, तेव्हा सरकारला ट्यूबमध्ये लोकांनी आसरा घेणं नको होतं. लोकांनी स्वस्तातलं तिकीट काढलं, खाली गेले आणि वर यायला नकार दिला. सरकारला नमावं लागलं. त्याच महिन्यात ऑल्डविचची गाडी बंद झाली आणि तिथे माणसं झोपू लागली, तर बोगद्याच्या एका भागात ब्रिटिश म्युझियमने पार्थेनॉनची शिल्पं ठेवली. सुरुवातीला संडास नाहीत, बादल्याच. डास, दुर्गंधी, दाटीवाटी. आणि खोल असणं म्हणजे सुरक्षित असणं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९४० ला बालम स्टेशनवरच्या रस्त्यावर बॉम्ब पडला, पाणी आणि चिखल आत घुसला, साठहून जास्त माणसं गेली. २००७ च्या ‘अटोनमेंट’मध्ये बालमचा तो प्रसंग आहे. त्याचं शूटिंग कुठे झालं असेल? ऑल्डविचलाच. म्हणजे जिथे माणसं खरोखर आसऱ्याला होती, तिथेच दुसऱ्या स्टेशनातल्या मरणाचा सीन झाला.

सिनेमा खोटं बोलतो हे मला टेंपलला कळलं होतं. पण कधी कधी तोच एकटा साक्षीदार उरतो. १९८१ च्या ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मध्ये एक माणूस टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशनात लांडग्यापासून पळतो. पुढे तिथे रंगीत मोझाइक लागलं, नंतर स्टेशन मोठं करून नव्याने बांधलं. जुनं टॉटनहॅम कोर्ट रोड बघायचं तर आता त्या लांडग्याच्या मागेच जावं लागतं!

तर पुढच्या वेळी असा सिनेमा मोबाइलवर लावलात की तीन गोष्टी बघा. बोगदा गोल आहे की सपाट छताचा? पाटीवरचं नाव त्या लाइनला शोभतं का? आणि भिंतीवरच्या टाइल्स. पाटी पाच मिनिटांत बदलता येते, टाइल्स नाही. त्या जुन्या स्टेशनांत प्रत्येक ठिकाणची नक्षी वेगळी आहे.

आणि हो, घरात कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या वेळचं काय ते आजच विचारून घ्या. सिनेमा काय, नंतरही बघता येईल.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!