जुन्या वाहनाचे नवे मोल

जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील निमगाव सावा आणि त्याच्या आसपासच्या गावांत शेतमालाची सारी ने-आण आज चाकांवर चालते. टोमॅटो नारायणगावच्या बाजारात किंवा कांदा आळेफाट्यावर न्यावयाचा तर पिकअप, टेम्पो अथवा ट्रॅक्टर हवाच. नवे वाहन दारी आले की त्याची पूजा होते. मात्र तेच वाहन पंधरा-वीस वर्षांनी थकले की गोठ्यामागे उभे राहते आणि एके दिवशी मिळेल त्या रोख रकमेला भंगारात जाते. या व्यवहारात वाहनाचे खरे मोल, मालकाचे कायदेशीर संरक्षण आणि परिसरातील माती-पाण्याची शुद्धता या तीन गोष्टी एकदमच हातच्या जाण्याचा संभव असतो. म्हणूनच वाहन मोडीत काढण्याची योग्य रीत समजून घेणे अगत्याचे आहे.

भंगार नव्हे, धातूंची खाण

मोटारीच्या एकूण वजनात सुमारे दोन तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा लोखंड व पोलादाचा असतो. केंद्र शासनाच्या २०१९ च्या पोलाद भंगार पुनर्वापर धोरणानुसार, एक टन भंगार वापरल्यास १.१ टन लोहखनिज, ६३० किलो कोकिंग कोळसा आणि ५५ किलो चुनखडी यांची बचत होते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा लाभ याहूनही मोठा आहे. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम तयार करण्यास जेवढी ऊर्जा लागते, तिच्या केवळ ५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम पुन्हा वापरात आणता येते. भंगारातून उद्योग उभा राहतो याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जालना येथील भट्ट्यांत भंगार व स्पंज आयर्न वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात.

तीन पायऱ्या

सगळेच वाहन भट्टीत घालणे मात्र शहाणपणाचे नव्हे. चक्राकार अर्थव्यवस्थेत पहिली पायरी सुस्थितीतील भाग जसाच्या तसा वापरण्याची आहे. दरवाजे, काचा, दिवे, आसने, रेडिएटर यांसारखे भाग दुसऱ्या वाहनाला उपयोगी पडतात. दुसरी पायरी नूतनीकरणाची. इंजिन, गिअर बॉक्स, स्टार्टर, डायनॅमो हे भाग खोलून, झिजलेले तुकडे बदलून पुन्हा कामास लावता येतात. या दोन्ही पायऱ्यांवर निरुपयोगी ठरलेला मालच तिसऱ्या पायरीवर, म्हणजे भट्टीत जावा.

राज्य परिवहन महामंडळाने ही शिस्त फार पूर्वीपासून पाळली आहे. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या चासीवर नव्याने बॉडी बांधली जाते. झिजलेल्या टायरवर रबराचा नवा थर चढवण्याची सोयही महामंडळाने स्वतः उभारली आहे. २०२० साली टाळेबंदीच्या काळात जुन्या प्रवासी बसगाड्यांचे मालवाहू गाड्यांत रूपांतर करण्यात आले, ते याच कौशल्याच्या बळावर.

तथापि, काटकसर कोठे करू नये हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ब्रेकचे झिजणारे भाग, सुरक्षा पट्टे व एअरबॅग जुन्या वाहनातून काढून दुसऱ्या वाहनात बसविणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

धोका कोठे आहे?

उघड्यावर वाहन तोडताना इंजिनचे काळे तेल जमिनीत मुरते आणि पावसाच्या पाण्याबरोबर विहिरी-ओढ्यांत उतरते. बॅटरीतील आम्ल माती नापीक करते. तिच्यातील शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक आहे. तांब्यासाठी तारा जाळल्याने विषारी धूर पसरतो, तर न फुटलेली एअरबॅग कामगाराच्या हातात स्फोट पावू शकते. म्हणून सुटे भाग काढण्यापूर्वी तेल, इंधन, आम्ल व वातानुकूलन यंत्रातील वायू स्वतंत्रपणे काढून घेणे, हे या कामाचे पहिले पाऊल मानले जाते.

नियमांची चौकट

वाहन मोडीत काढणाऱ्या नोंदणीकृत केंद्रांसाठी केंद्र शासनाने सप्टेंबर २०२१ मध्ये नियम जारी केले. अशा केंद्रात वाहन जमा केल्यावर मालकास ठेव प्रमाणपत्र मिळते. ते सादर करून नवे वाहन घेतल्यास मोटार वाहन करात खासगी वाहनासाठी २५ टक्क्यांपर्यंत आणि वाहतुकीच्या वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. १ एप्रिल २०२५ पासून अमलात आलेल्या पर्यावरणविषयक नियमांनी आयुष्य संपलेल्या वाहनांतील पोलादाच्या पुनर्वापराची जबाबदारी वाहन उत्पादकांवरही टाकली आहे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १५ वर्षे झाली म्हणून राज्यातील प्रत्येक खासगी वाहन मोडीत काढणे सक्तीचे नाही. योग्यता तपासणीत उत्तीर्ण झाल्यास त्याच्या नोंदणीचे नूतनीकरण होते.

मालकाने घ्यावयाची दक्षता

वाहन केवळ विश्वासावर भंगारात दिले आणि नोंदणी रद्द केली नाही, तर कागदोपत्री मालक तोच राहतो. कराची थकबाकी त्याच्या नावावर वाढते. त्या क्रमांकाचा वा चासीचा गैरवापर झाल्यास चौकशीही त्याच्याच दारी येते. वाहन कायमचे निकामी झाल्यास मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ सांगतो. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील मालकांसाठी हे काम पिंपरी-चिंचवड येथील परिवहन कार्यालयात होते. केंद्राकडून मिळालेली प्रमाणपत्रे जपून ठेवावीत. नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडेच परत करावी. गॅरेजमधील काळे तेल पिंपात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यास द्यावे.

फाळ झिजला तर लोहाराकडून शेवटून घ्यावा, मोडक्या वस्तूचाही उपयोग शोधावा, ही आपल्या गावांची जुनी रीत आहे. तीच काटकसर आता यंत्रांच्या बाबतीत, नियमांची जोड देऊन पाळावयाची आहे. गोठ्यामागे गंजत पडलेली गाडी योग्य मार्गाने गेली, तर तिचे लोखंड उद्या एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये सळई होऊन उभे राहील आणि गावच्या विहिरीचे पाणीही निर्मळ राहील.