खेड्यातील प्राथमिक शाळा आणि घर

प्राथमिक शिक्षणाची चर्चा निघाली की ‘पालकांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग हमखास येतो. परिपत्रकांत तो असतो, प्रशिक्षणवर्गांत असतो आणि अहवालाच्या नमुन्यात त्याच्यासाठी स्वतंत्र रकानाही असतो. त्या रकान्यात बहुधा सभेस उपस्थित राहिलेल्या पालकांची संख्या लिहिली जाते. खेड्यातील शाळेच्या बाबतीत हा आकडा फारसे काही सांगत नाही, असे माझे मत आहे. शाळेला घर किती कळले आणि घराच्या हाती शाळेने नेमके कोणते काम दिले, यावर मुलाची प्रगती अधिक अवलंबून असते. प्रस्तुत लेखात एवढाच मुद्दा मांडावयाचा आहे.

या विषयातील आपला मोठा वारसा कोसबाडचा. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. 1957 साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. (हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो.) गरिबांच्या वस्तीतील मुले आपण होऊन बालवाडीत येत नाहीत, असे दिसून आले तेव्हा पालकांच्या अनास्थेला बोल न लावता ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुलांची स्वच्छता, गाणी, गोष्टी, खेळ हे सारे आयांच्या डोळ्यांदेखत होऊ लागले. आज देशभर रूढ असलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला या कार्याने दिला. पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुली घरी राहतात, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. या प्रत्येक योजनेच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: शाळेच्या वेळी हे मूल घरचे कोणते काम करीत असते? तो प्रश्न विचारण्यासाठी पैसा लागत नाही. घरी जावे मात्र लागते.

यानंतरच्या काळात भर पडली ती समित्यांची. आमच्या कर्नाटकात शाळा विकास आणि देखरेख समित्या 2001 पासून आल्या. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 ने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे ठरविले. तरतूद उत्तमच आहे. तथापि समितीचे अस्तित्व आणि मुलाचे वाचन यांचा संबंध आपोआप जुळत नाही. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आदी अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात 280 गावांत केलेला प्रयोग या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. त्याचे निष्कर्ष 2010 साली प्रसिद्ध झाले. बहुतेक घरांना गावात शिक्षण समिती आहे हेच ठाऊक नव्हते. खुद्द सदस्यांपैकीही अनेकांना आपण सदस्य असल्याची वार्ता नव्हती. काही गावांत सभा घेऊन समितीची माहिती व अधिकार समजावून दिले गेले. काही ठिकाणी तर गावकऱ्यांनीच मुलांच्या वाचनाची चाचणी घेऊन गावाचे प्रगतिपत्रक तयार केले. एवढे होऊनही शाळेच्या कारभारात वा मुलांच्या वाचनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो जेथे गावातील तरुणांना वाचन शिकविण्याची सोपी रीत दाखवून वर्ग चालवावयास सांगितले गेले तेथे. आणि तोही जी मुले त्या वर्गांना गेली त्यांच्यात. लोक उदासीन होते असे म्हणता येणार नाही. हाती निश्चित काम आल्यावर तेच गाव पुढे आले.

खानापूर तालुक्यातील एका द्विशिक्षकी मराठी शाळेत मी बरीच वर्षे काम केले. तेथे प्रगतिपुस्तकावर उमटणारा अंगठा हा मला नेहमी विचारात पाडी. गणित 42, भाषा 38 या आकड्यांखाली आई अंगठा उमटवी आणि पुस्तक परत येई. यात कळविले गेले ते काय? म्हणून आम्ही आकड्यांआधी वाचून दाखविण्याची पद्धत सुरू केली. अक्षरे, शब्द, लहान उतारा, गोष्ट अशा चार पायऱ्या केल्या आणि इयत्ता बाजूला ठेवून रोज तासभर मुलांना पायरीप्रमाणे बसविले. तिसरीतला मुलगा पहिलीतल्यांबरोबर बसला म्हणून प्रथम कुरबूर झाली. महिन्याभरात तो पुढच्या गटात गेल्यावर ती थांबली. मूल आईसमोर वाचू लागले की ते कोठे अडते हे निरक्षर आईलाही कानांनी कळते. तिच्याकडे आम्ही एकच काम सोपविले: चूल पेटल्यावर दहा मिनिटे मुलाला शेजारी बसवून ऐकायचे आणि ऐकून झाले की डब्यात एक चिंचोका टाकायचा. शिकवायचे मुळीच नाही. शनिवारी मुले चिंचोके मोजीत. त्यात थोडे गणितही साधे.

अशा कामाचे फळ फुगवून सांगू नये. बिहार व राजस्थानात मातांसाठी साक्षरतावर्ग आणि मुलांबरोबर घरी करण्याच्या कृती यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मुलांच्या गणितात दिसलेली वाढ अगदी लहान होती; पण मातांचे स्वतःचे शिक्षण आणि मुलांच्या अभ्यासातील त्यांचे लक्ष, दोन्ही वाढलेले आढळले. घर हे शिक्षकाला पर्याय ठरू शकत नाही. वर्गात वाचन शिकविलेच नाही तर चुलीपुढे ऐकायला काय मिळणार?

आमच्या भागातील आणखी एक अडचण पावसाची आणि भाताची. लावणीच्या दिवसांत आणि सुगीत मोठी मुले रानात असतात, आणि नेमक्या त्याच काळात सभा ठेवण्याचे आदेश येतात. (आदेश काढणाऱ्यांच्या दिनदर्शिकेत लावणी नसते. असो.) आम्ही सभा अमावास्येला ठेवू लागलो, कारण त्या दिवशी आमच्या गावात औत धरीत नाहीत, आणि ती शाळेत न भरविता देवळाच्या ओसरीवर भरविली. तेथे आजीबाईही आल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांनी सांगितल्या, मुलांनी उतरून घेतल्या, आणि दुसऱ्या गटाला तोच पाठ झाला. घरची बोली फळ्यावर आलेली पाहून मुले धीटपणे वाचू लागली.

राहिला प्रश्न वडिलांचा. येथील पुष्कळ पुरुष कामासाठी गोव्यात असतात. चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढे घरी येतात. सभेच्या रकान्यात ते सदैव अनुपस्थितच दिसणार. आता शाळेवर असलेल्या शिक्षकांनी यावर भ्रमणध्वनीचा उपाय काढला आहे. रविवारी रात्री मुलांनी वडिलांना एक पान वाचून दाखवायचे. चौथीतील एका मुलीचे वडील मडगावला गवंडीकाम करतात. ती अडखळली की पलीकडून ते काही न बोलता थांबून राहतात, असे तिच्या आईने मला सांगितले.