तराजू बोलतो, संगणक ऐकतो

प्रयोगशाळेतील इलेक्ट्रॉनिक तराजूच्या मागे नऊ पिनांचे एक सॉकेट अनेकदा दिसते. वजनाचा आकडा थेट संगणकात पाठवण्यासाठी ते असते. या पद्धतीला आरएस-२३२ म्हणतात. ती १९६० साली अमेरिकेत ठरली. आजच्या बहुतेक संगणकांना असे सॉकेट नसते, म्हणून मध्ये यूएसबीचा जोड लावावा लागतो. नियम मात्र तेच राहतात.

तारेतून जातो तो फक्त विद्युतदाब. +३ ते +१५ व्होल्ट म्हणजे ०, आणि −३ ते −१५ व्होल्ट म्हणजे १. हे बिट एकामागून एक येतात. दोन्ही यंत्रांची घड्याळे जुळवणारी वेगळी तार नसते, म्हणून चार गोष्टी आधीच ठरवाव्या लागतात: वेग, अक्षराचे बिट किती, पॅरिटी कोणती आणि शेवटचे थांबा-बिट किती. वेग ९६०० बॉड असेल, तर प्रत्येक बिट सुमारे १०४ मायक्रोसेकंद टिकतो.

वेग चुकला तर पडद्यावर निरर्थक चिन्हे उमटतात आणि चूक लगेच कळते. पॅरिटीची चूक मात्र लपून राहू शकते. ती कशी, ते पाहू.

समजा, तराजू ७ बिट व सम पॅरिटी वापरतो. सम पॅरिटी म्हणजे १ ची एकूण संख्या सम व्हावी म्हणून जोडलेला आठवा बिट. ३ या अंकाचा आस्की संकेत ०११००११. त्यात चार १ आहेत, म्हणून पॅरिटी बिट ०. १ या अंकाचा संकेत ०११०००१. त्यात तीन १ आहेत, म्हणून पॅरिटी बिट १.

आता संगणक चुकून '८ बिट, पॅरिटी नाही' असा लावला आहे. तो पॅरिटी बिटालाच आठवा बिट समजतो. ३ साठी तो ० असल्याने अंक बरोबर वाचला जातो. १ च्या जागी मात्र ± सारखे भलतेच चिन्ह येते. असे करत गेल्यास ०, ३, ५, ६, ९ बरोबर येतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. दशांशचिन्हाच्या संकेतातही चार १ असल्याने तेही बरोबर येते.

म्हणजे पहिल्या चाचणीत ३५.६० ग्रॅम वजन ठेवले, तर आकडा अचूक दिसेल आणि जोडणी झाली असे आपण समजू. पुढचे वजन १२.४८ असेल, तर चारही अंक बिघडतील!

म्हणून तराजूच्या माहितीपुस्तिकेतील चारही गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून संगणकाजवळ चिकटवाव्यात. चाचणीसाठी निरनिराळी वजने घ्यावीत, म्हणजे दहाही अंक एकदा तरी येऊन जातील. त्याआधी विद्यार्थ्यांकडून दहा अंकांचे संकेत फळ्यावर लिहून घ्यावेत आणि कोणते अंक बिघडतील ते त्यांनाच सांगायला लावावे. द्विमान पद्धतीचा हा धडा ते विसरणार नाहीत.