पक्षाघातानंतर लघवीवरचा ताबा: घरोघरचे गैरसमज

“लकवा मारलाय, आता लघवी अशीच होणार,” असं म्हणून डायपर बांधला की घरच्यांच्या लेखी विषय संपतो. वस्तुस्थिती बरीच आशादायक आहे. पक्षाघाताने रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी ४० ते ६० टक्के लोकांचा लघवीवरचा ताबा सुटतो. घरी जाताना हे प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर येतं, वर्षभराने १५ टक्क्यांच्या आसपास.

“कळतं सगळं, मुद्दाम अंथरुणात करतात,” हा आरोप तर फार क्रूर आहे. मूत्राशय भरलं तरी योग्य जागी पोचेपर्यंत त्याला थोपवून धरण्याचं काम मेंदूचा पुढचा भाग करतो. तो भाग किंवा तिथून निघणारे मज्जातंतू दुखावले, की लघवीची भावना आणि लघवी जवळपास एकदमच येतात. कित्येकदा तर मूत्राशय ठणठणीत असतं. वाचा गेल्यामुळे रुग्णाला सांगता येत नाही, संडास लांब असतो किंवा पायजम्याची नाडी एका हाताने सुटत नाही. नाडीऐवजी इलॅस्टिक, खाटेशेजारी कमोडची खुर्ची किंवा युरिन पॉट आणि जागेपणी दर दोन तासांनी स्वतःहून विचारून लघवीला नेणं, एवढ्यानेही अनेकांचे कपडे कोरडे राहू लागतात.

पाणी तोडणं ही सर्वांत घातक चूक. कमी पाण्याने लघवी दाट होते, मूत्राशय चिडतं, जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता वाढते. साचलेला मळ मूत्राशयावर दाब आणतो तो वेगळाच. दिवसा पुरेसं पाणी द्यावं, संध्याकाळनंतरचा चहा टाळावा. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, गिळताना ठसका लागत असेल, तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

सतत थेंबथेंब गळत असेल तर उलटाच प्रकार असू शकतो. लघवी तुंबलेली असते आणि भरलेलं मूत्राशय ओसंडत असतं. लघवी झाल्यावर लगेच सोनोग्राफी केली की आत किती उरली ते दिसतं. म्हणूनच औषधाच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये. घाईची लघवी थांबवणाऱ्या काही गोळ्यांनी तुंबणं वाढतं आणि वयस्कर माणसांचा गोंधळही उडतो.

लघवीची नळी गरजेपुरतीच. ती जितके दिवस राहते तितका संसर्गाचा धोका वाढतो.

कपडे ओले होतील या धास्तीने माणूस लग्नाला जात नाही, देवळात जात नाही, शेवटी पाहुण्यांसमोरही येत नाही. रात्री घाईने उठताना तो पडतो आणि सोबत करणाऱ्याचीही झोप मोडते. याची वाच्यता मात्र कुणी करत नाही. तीन दिवस लघवीच्या वेळा, गळती आणि पाणी-चहा लिहून ठेवा, पुढच्या तपासणीला तो कागद बरोबर न्या, आणि रुग्ण संकोचला तरी तुम्ही विषय काढाच.