गुडघा जपायचा की हलवायचा?

पेसाहचा सण आटोपल्यावर आम्ही उभयता मुलाकडे अमेरिकेला गेलो होतो. नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली आणि डरहॅम या दोन शहरांच्या मध्ये मॉरिसव्हिल नावाचे गाव आहे, तिथे त्याचे बिऱ्हाड. शेजारीच १९५९ साली सुरू झालेले रिसर्च ट्रँगल पार्क आहे. त्या भागातल्या नोकऱ्यांमुळे आपल्याकडची मंडळी इतकी, की पोहे आणि कढीपत्ता हाकेच्या अंतरावर मिळतो. गावच्या चर्च स्ट्रीट पार्कमध्ये क्रिकेटचे मैदान आहे. २०२३ साली मेजर लीग क्रिकेटचे सामने तिथेही झाले.

आमचा नातू गावातल्या मुलांबरोबर क्रिकेट खेळतो. एका रविवारी चेंडूमागे धावताना तो एकदम थांबून वळला. पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि अंग फिरले. कोणाचा धक्का लागला नव्हता. 'टक्' असा आवाज त्याला ऐकू आला आणि तो खाली बसला. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. एमआरआय काढल्यावर कळले, की गुडघ्यातले पुढचे लिगामेंट तुटले आहे.

आमच्या घरात तेव्हा दुखरे गुडघे दोन होते. मंडळींचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून दुखत होता. झीज झाली म्हणून त्यांनी जिना सोडला, बाजार सोडला आणि शेवटी पायऱ्यांच्या भीतीने शब्बाथला सिनेगॉगमध्ये येणेही सोडले. नातवाला पाहून त्या म्हणाल्या, "बाळा, आता पाय अजिबात हलवू नकोस." फिजिओथेरपिस्ट बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात त्याला नेमके उलटे सांगितले. तेव्हापासून आम्ही या विषयाची माहिती जमवू लागलो. ती आपल्या वयाच्या सर्वांच्या उपयोगाची आहे म्हणून इथे देत आहोत.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकतात आणि पुढे वाटी असते. ही हाडे जागेवर धरणारे चार मुख्य दोर म्हणजे लिगामेंट. दोन बाजूंना दोन, आणि आत एकमेकांना छेद देणारे दोन. आतले पुढचे लिगामेंट जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असते, पण नडगी पुढे सरकू न देण्याचे आणि वळताना गुडघा सावरण्याचे काम त्याचे. बाजूचे आतल्या अंगाचे लिगामेंट दुखावले तर ते बहुधा पट्टा आणि व्यायाम यांवर जुळून येते. आतले पुढचे मात्र पुरते तुटले की सहसा आपसूक नीट जुळत नाही.

पूर्वी अशा पायाला कित्येक आठवडे प्लॅस्टर घालून ठेवत. हलवले नाही म्हणजे बरे होईल, ही समजूत. १९७० च्या दशकात डॉ. फ्रँक नॉईस यांनी माकडांवर अभ्यास केला. आठ आठवडे पाय जखडून ठेवल्यावर धडधाकट लिगामेंटची ताकद ३९ टक्के कमी झाली, आणि वर्षभर मोकळे हिंडूनही ती पूर्ण भरून आली नाही. पुढे इंडियानापोलिसचे डॉ. डोनाल्ड शेलबर्न यांच्या एक गोष्ट लक्षात आली. ऑपरेशननंतर सांगितलेली बंधने न पाळता जे रुग्ण लवकर चालू-फिरू लागले, त्यांचे गुडघे आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले निघाले! १९९० साली त्यांनी लवकर हालचाल सुरू करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज गुडघा पूर्ण सरळ होणे आणि मांडीचा स्नायू जागा होणे यांवर पहिल्या दिवसापासून भर देतात.

ऑपरेशन प्रत्येकाला लागतेच असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचे लगेच ऑपरेशन केले. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज वाटली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांची प्रकृती सारखीच होती, आणि दुसऱ्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांना तोवर ऑपरेशन लागलेच नव्हते. आमच्या नातवाला मात्र पुन्हा वळणावळणाचे खेळ खेळायचे होते. म्हणून सूज उतरून पाय सरळ झाल्यावर त्याच्याच मांडीमागची शीर काढून नवे लिगामेंट बसवले. नवा दोर शरीरात मुरायला महिने लागतात. निदान नऊ महिने मैदानात उतरायचे नाही, असे त्याला बजावले आहे.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वयात दोर तुटण्यापेक्षा हाडांच्या टोकांवरची कूर्चा झिजते. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणातून तिला पोषण मिळते, आणि ते आत-बाहेर होते हालचालीने, जसा स्पंज दाबला-सोडला की पाणी फिरते. बसून राहिले की स्नायू बारीक होतात आणि सगळा भार सांध्यावर येतो.

मॉरिसव्हिलच्या आसपासच यावर मोठे काम झाले आहे. चॅपल हिलच्या विद्यापीठाने जवळच्या जॉन्स्टन काउंटीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून लोकांचे सांधे वर्षानुवर्षे तपासले. ८५ वर्षे वयापर्यंत जवळजवळ दर दोघांत एकाला गुडघ्याचा त्रासदायक संधिवात होतो, असा त्यांचा अंदाज निघाला. म्हणजे आपण एकटे नाही. त्याच राज्यातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने साठीच्या पुढच्या ४३९ जणांवर दीड वर्ष प्रयोग झाला. चालण्याचा किंवा वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे दुखणे, नुसती आरोग्याची माहिती ऐकणाऱ्यांपेक्षा कमी झाले. फरक जादूसारखा नव्हता, पण होता. तिथल्याच २००५ च्या अभ्यासात दिसले, की अंगाचे एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो.

एमआरआयच्या कागदानेही घाबरून जाऊ नये. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावी ५० ते ९० वर्षांच्या ९९१ जणांचे गुडघे तपासले, तेव्हा ३५ टक्के लोकांच्या गुडघ्यातली गादी फाटलेली दिसली. त्यांतल्या ६१ टक्क्यांना मागच्या महिन्याभरात काहीच दुखले नव्हते.

इस्राएलच्या मंडळींना मोशे फेल्डेनक्राइस हे नाव ठाऊक असेल. तरुणपणी फुटबॉल खेळताना त्यांचा गुडघा दुखावला. पुढे तो पुन्हा उचल खाऊ लागला, आणि ऑपरेशनची खात्री कोणी देईना. तेव्हा त्यांनी स्वतःच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातून आपली पद्धत उभी केली. पंतप्रधान बेन-गुरिओन यांना डोक्यावर उभे राहायला शिकवणारे ते हेच.

मंडळींना फिजिओथेरपिस्टने शिकवले ते असे:

खुर्चीत बसून एक पाय सरळ करावा, पाच आकडे मोजेपर्यंत धरावा. दहा वेळा.

पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी आणि गुडघा खाली दाबावा. दहा वेळा.

भिंतीला टेकलेल्या खुर्चीतून हळू उठावे, हळू बसावे. सुरुवातीला हातांचा आधार घ्यावा.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. कठडा सोडू नये.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. बहुतेक जण इथेच चुकतात.

व्यायाम करताना थोडे दुखले तर हरकत नाही. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढलेले वाटले तर प्रमाण कमी करावे. मात्र गुडघा अचानक सुजला, लाल किंवा गरम झाला, ताप आला, गुडघा अडकून बसला, पडल्यावर पायावर भार घेता येईना, किंवा पोटरी सुजली, तर घरगुती उपाय करत बसू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. ज्यांचा सांधा बदललेला आहे, हृदयविकार आहे किंवा वारंवार तोल जातो, त्यांनी कुपात होलीममध्ये विचारूनच सुरुवात करावी.

मॉरिसव्हिलच्या दिवाणखान्यात आजी आणि नातू समोरासमोर खुर्च्या टाकून पाय वर करत, आणि आकडे मोजायचे काम आमच्याकडे. पहिले तीन आठवडे मंडळी रोज कुरकुरत. सहाव्या आठवड्यात त्या कठडा धरून माडीवर गेल्या. गुडघा अजूनही दुखतो, झीज काही भरून आलेली नाही. पण परत आल्यावर पहिल्याच शब्बाथला त्या सिनेगॉगच्या पायऱ्या चढल्या, मधे एकदा थांबून.

हिब्रूत गुडघ्याला 'बेरेख' म्हणतात आणि आशीर्वादाला 'ब्राखा'. दोन्ही शब्दांची मूळ अक्षरे तीच. आपले गुडघे चालते राहोत, आणि सिनेगॉगमधल्या आपल्या जागा रिकाम्या न राहोत, एवढीच आमची प्रार्थना.