फळाचा करकरीतपणा जातो कुठे?

दाताखाली करकरणारी कैरी अढीत पडली की काही दिवसांतच बोटाखाली दबू लागते. साखर वाढली, आंबटपणा उतरला, हे जिभेला कळतं. मऊपणाचं कारण मात्र साखर नव्हे. ते फळाच्या पेशीभित्तिकेत असतं.

भित्तिकेला ताठपणा देतात सेल्युलोजचे तंतू. पण शेजारच्या दोन पेशींना धरून ठेवतं ते पेक्टिन, विटांमधल्या चुन्यासारखं. गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या रेणूंची ही लांबलचक साखळी. दोन साखळ्यांमध्ये कॅल्शियम बसलं की त्या घट्ट जखडतात. पिकायची वेळ आली, इथिलीन वायू सुटला, की फळ स्वतःच विकरं तयार करून या साखळ्या तोडायला घेतं. बी दूर नेणाऱ्याला ते खावंसं वाटलं पाहिजे ना!

या विकरांत पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज सर्वांत ठळक. कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीने त्याचं जनुक उलटं बसवून टोमॅटोतलं हे विकर जवळजवळ बंद पाडलं आणि १९९४ मध्ये ‘फ्लेव्हर सेव्हर’ नावाने तो टोमॅटो बाजारात आणला. तर्क बिनचूक वाटत होता; टोमॅटोला तो मान्य नव्हता. तो जवळपास नेहमीसारखाच मऊ पडत राहिला आणि काही वर्षांत दुकानांतून गेला. गंमत अशी, की हे विकर दाबलेल्या टोमॅटोचा लगदा छान दाट होई, कारण पेक्टिनच्या साखळ्या लांबच राहत. अशा टोमॅटोची प्युरी १९९६ पासून काही वर्षं ब्रिटनमध्ये खपलीही. पुढे २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या संशोधकांनी पेक्टेट लायेज हे वेगळंच विकर दाबलं, तेव्हा कुठे रंग-चव न बिघडता टोमॅटो घट्ट राहिला. जे विकर सर्वांत जास्त दिसत होतं, त्याच्यावरच सगळे इतकी वर्षं रोखून बसले होते.

कॅल्शियमची बाजू हलवायांना मात्र हाताने माहीत होती. पेठ्यासाठी कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजत घालतात. निवळीमुळे पेक्टिनवरचे मिथाइल गट निघतात, मोकळ्या जागी कॅल्शियम बसतं, आणि मग फोडी पाकात उकळल्या तरी विरत नाहीत.

पेरूच्या जेलीचं सगळं उलट. तिथे पेक्टिन सोडवून घ्यायचं असतं. म्हणून पेरू जरा कच्चटच हवेत. पार पिकलेल्यात साखळ्या आधीच तुटलेल्या असतात आणि जेली धरत नाही. लिंबाच्या रसाने साखळ्यांवरचा ऋणभार घटतो, त्या एकमेकींना लोटायचं थांबवतात. साखर साठ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून घेते आणि जाळं बसतं. स्ट्रॉबेरीत मुळातच पेक्टिन कमी, त्यामुळे तिच्या जॅममध्ये ते अनेकदा वरून घालतात. बाटलीवरच्या घटकांत ४४० हा आकडा असतो तो याचाच. हे पेक्टिन येतं मुख्यतः लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांतून, म्हणजे रस काढून झाल्यावर कारखान्यात उरलेल्या मालातून.